अनोळखी शहरात कॅम्पसजवळ खोली शोधताना: आधी पोहोचा, मग करार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अनोळखी शहरातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, सत्र सुरू व्हायला दोन महिने आहेत, वसतिगृहाचं अजून नक्की नाही आणि त्या शहरात ओळखीचं कुणीच नाही. जाहिरातीत एक खोली आवडली आहे, पण मालक म्हणतो, या आठवड्यात डिपॉझिट भरा, नाहीतर दुसऱ्याला देतो. तर भरावं का? आणि कॅम्पसपासून किती लांबची खोली चालेल?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. खोली पाहिलेली नाही, माणूस भेटलेला नाही, करार हातात नाही, अशा वेळी एक पैसाही पाठवू नका. खोली गेली तर जाऊ द्या. मालक खरा असेल तर व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला आणि कराराचा मसुदा पाठवायला त्याला दोन दिवस पुरतात. तेवढीही सवड द्यायला तो तयार नसेल, तर पुढे नळ गळायला लागल्यावर तो तुमचा फोन उचलेल ही आशा सोडा.

विद्यार्थ्यांच्या निवासाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. फसवणुकीच्या गोष्टींची चर्चा जास्त होते, पण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत त्याहून मोठा गट वेगळाच असतो. खोली खरी, मालक खरा, करारही कायदेशीर. फक्त तो करार घरी बसून, फोटो पाहून, अख्ख्या वर्षासाठी केलेला. पोहोचल्यावर कळतं की आपल्या विभागाची इमारत शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, किंवा खिडकी उघडली की समोर भिंत आहे, किंवा खालच्या मजल्यावर रात्री दोनपर्यंत गाणी वाजतात. फसवलं गेलेल्या मुलाला निदान पोलिसांकडे तरी जाता येतं. या मुलांना आम्ही काय सांगणार? सही त्यांचीच असते.

म्हणून माझा सल्ला असा की पोहोचणं आणि स्थिरावणं ही दोन वेगळी कामं समजा. पहिल्या दोन ते चार आठवड्यांसाठी तात्पुरती सोय करा: विद्यापीठाचं अतिथीगृह, प्रवासी वसतिगृह, सुटीवर गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची खोली. रोजच्या हिशेबानं ती महाग वाटेल. पण चुकीच्या खोलीत अडकलेल्या अकरा महिन्यांशी तुलना करा. शक्य असेल तर सत्र सुरू होण्याच्या आठदहा दिवस आधी पोहोचा आणि ते दिवस फक्त खोल्या बघण्यासाठी ठेवा.

याला दोन अपवाद आहेत. एक म्हणजे विद्यापीठाचं स्वतःचं किंवा विद्यापीठानं मान्य केलेलं वसतिगृह. तिथं न पाहता अर्ज करायला हरकत नाही. उलट प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी करा, कारण बऱ्याच ठिकाणी जागा अर्जाच्या तारखेनुसार मिळतात. जर्मनीत हे काम विद्यापीठाऐवजी ‘श्टुडिअरेंडेनवेर्क’ नावाची स्वतंत्र सार्वजनिक संस्था करते, फ्रान्समध्ये ‘क्रूस’. म्हणजे प्रवेश मिळाला म्हणून खोलीसाठी आपोआप नाव लागतं असं नाही, वेगळा अर्ज लागतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी मुलं मागे पडतात. दुसरा अपवाद अशा शहरांचा, जिथं सगळं शहर एकाच दिवशी घर बदलतं. बॉस्टनमध्ये विद्यार्थी वस्तीतले बहुतेक करार १ सप्टेंबरला सुरू होतात. तिथं ऑगस्टच्या शेवटी पोहोचून आरामात शोधू म्हणाल तर उरलंसुरलंच मिळेल. अशा ठिकाणी लांबून करार करावाच लागला, तर तुमच्या वतीनं खोली बघणारा एक माणूस शोधा. वरच्या वर्षाला असलेला, त्याच विभागातला कुणीही चालेल. विभागाच्या कार्यालयाला किंवा विद्यार्थी संघटनेला पत्र लिहिलं की सहसा कुणीतरी पुढे येतं. अर्धा तास काढून जाऊन येणाऱ्याला निदान एक जेवण द्या.

आता खऱ्या फसवणुकीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात तिचा वास आहे. गोष्ट जवळपास ठरलेली असते. भाडं त्या भागातल्या इतर खोल्यांपेक्षा बरंच कमी, फोटो हॉटेलसारखे गुळगुळीत, आणि मालक नोकरीनिमित्त परदेशी असल्यामुळे खोली दाखवू शकत नाही. पैसे भरले की किल्ली कुरिअरनं येईल. विश्वास बसावा म्हणून तो स्वतःचं ओळखपत्र पाठवतो. ते खरंच असतं, फक्त त्याचं नसतं. बऱ्याचदा आधी फसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचं असतं. आणि मग तो म्हणतो, तुमचंही पाठवा. पाठवू नका. करार करताना द्यावंच लागलं, तर प्रतीवर आडवं लिहा: अमुक पत्त्याच्या भाडेकरारासाठी, अमुक तारीख. त्या प्रतीचा दुसरीकडे वापर करणं मग अवघड जातं.

दुसरा प्रकार जास्त धूर्त. यात माणूस भेटतो, खोलीही दाखवतो. फक्त ती खोली त्यानं आठवड्यासाठी भाड्यानं घेतलेली असते आणि तीच तो अनेकांना दाखवून सगळ्यांकडून डिपॉझिट घेतो. म्हणून नुसती खोली पाहणं पुरत नाही. समोरच्याला ती देण्याचा अधिकार आहे का, हेही पाहायला हवं. मालमत्ता कराची पावती, त्याच्या नावाचं वीजबिल, सबलेट असेल, म्हणजे तो स्वतःच भाडेकरू असून खोली पुढे भाड्यानं देत असेल, तर मूळ मालकाची लेखी परवानगी, यांपैकी काहीतरी मागा. इंग्लंडमध्ये थोडं शुल्क भरून कुणालाही सरकारी भूमी नोंदणीतून मालकाचं नाव काढता येतं. नियम एकच: करारावरचं नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे जाणार त्या खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. ‘माझ्या पुतण्याच्या खात्यात टाका’ म्हटलं की तिथंच थांबा.

व्हिडिओ कॉलवर खोली बघताना मालकाला त्याच्या मनानं फिरू देऊ नका. तुम्ही सांगा तसं त्याला करायला लावा: नळ सोडा, शॉवरखाली हात धरा, खिडकी उघडून बाहेर दाखवा, कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत दाखवा. शेवटी म्हणा, आता फोन बंद न करता जिना उतरून इमारतीच्या दारावरचा क्रमांक दाखवा. आधी रेकॉर्ड केलेली चित्रफीत लावणाऱ्याला हे जमत नाही. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर प्रतिमाशोधात टाकून बघा, ते दुसऱ्याच शहरातल्या हॉटेलचे निघू शकतात.

अंतराचा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण त्यात सगळे एकच गल्लत करतात. नकाशावर कॅम्पसच्या भोवती वर्तुळ काढतात आणि त्याच्या आत शोधतात. शहर वर्तुळात चालत नाही, ते मार्गांवर चालतं. तीन किलोमीटरवरची खोली, जिथून दोनदा बस बदलावी लागते, तिच्यापेक्षा नऊ किलोमीटरवरची पण थेट गाडीच्या थांब्यालगतची खोली जवळची असते. तेव्हा कॅम्पसला थेट जाणारे बस, लोकल, मेट्रोचे मार्ग आधी काढा आणि प्रत्येक थांब्यापासून दहा मिनिटं चालण्याच्या आत शोधा. मार्ग जिथून सुटतो त्या टोकाजवळ राहिलात तर बसायला जागा मिळते आणि भाडंही सहसा कमी असतं. गाडी किती वेळानं येते हेही पाहा. दर आठ मिनिटांनी येणारी बस चुकली तर काही बिघडत नाही; चाळीस मिनिटांनी येणारी चुकली की पहिला तास गेला.

आणि ‘कॅम्पस’ म्हणजे नेमकं काय, ते विचारून घ्या. अनेक विद्यापीठांची आवारं शहरभर विखुरलेली असतात. वैद्यकीयच्या विद्यार्थ्याचा दिवस रुग्णालयात जातो, शेतकीच्या विद्यार्थ्याचा शहराबाहेरच्या प्रक्षेत्रावर. प्रवेशपत्रावर मुख्य प्रशासकीय इमारतीचा पत्ता असतो, आणि तिथं तुम्ही वर्षातून दोनदा जाल. विभागाला विचारा: पहिल्या सत्राचे वर्ग कोणत्या इमारतीत, प्रयोगशाळा कुठे, संध्याकाळी काय असतं? मग नकाशात तो पत्ता घालून सोमवारी सकाळी नऊला पोहोचायचं असेल तर किती वेळ लागतो ते बघा. त्यानंतर उलटं बघा: ग्रंथालय बंद झाल्यावर, रात्री अकराला परत यायला काय मिळतं? शेवटची गाडी साडेनऊची असेल तर ती खोली तुमच्या अभ्यासाच्या वेळा ठरवणार.

माझा आकडा विचाराल तर दारापासून वर्गापर्यंत अर्धा तास. पंधरा मिनिटांवर असाल तर उत्तम, चाळीसपर्यंत निभावतं. त्यापुढे मुलं सकाळचे तास बुडवायला लागतात आणि संध्याकाळचे कार्यक्रम सोडायला लागतात. आणि अनोळखी शहरात ओळखी होतात त्या बहुतेक संध्याकाळीच. साधा हिशेब करा: पंधरा मिनिटांऐवजी पंचेचाळीस मिनिटांवर राहिलात तर रोज एक तास जास्त. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तर १५० तास. भाड्यातली बचत या तासांनी भागून बघा आणि तेवढ्या मोबदल्यात तुम्ही तासभर काम कराल का, ते स्वतःला विचारा. कधी उत्तर ‘हो’ येतं, तेव्हा खुशाल लांब राहा. अगदी फाटकासमोर राहण्याचं मात्र मी फारसं कौतुक करत नाही. तिथं भाडं सगळ्यात जास्त, शांतता सगळ्यात कमी, आणि दोन तासिकांच्या मधल्या सुटीत अख्खा वर्ग तुमच्या खोलीत.

भाड्याचा आकडाही असाच फसवा असतो. जाहिरातीतलं भाडं म्हणजे खर्च नव्हे. वीज, पाणी, इंटरनेट, इमारतीचा देखभाल खर्च, दलाली, थंड प्रदेशात हीटिंग, प्रवासाचा पास, आणि सामान नसलेली खोली असेल तर गादी आणि टेबल, हे सगळं धरा. जर्मनीत ‘थंड’ भाडं आणि ‘ऊबदार’ भाडं असे दोन आकडे असतात. पहिल्यात फक्त जागा, दुसऱ्यात हीटिंग आणि इमारतीचे खर्च धरलेले. आणि वीज दुसऱ्यातही बहुधा नसतेच. पुढचा मुद्दा महिन्यांचा. वर्षाचा एकूण खर्च काढून, तुम्ही प्रत्यक्ष जितके महिने राहणार तितक्यानं भागा. बारा महिन्यांचा करार आणि राहणं दहा महिने, म्हणजे भाडं गुपचूप वीस टक्क्यांनी वाढलं. फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांसाठी सामानासह खोलीचा नऊ महिन्यांचा खास करार असतो तो यासाठीच. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर सुटीत खोली दुसऱ्याला देण्याची परवानगी करारातच लिहून घ्या, नंतर मागितली तर मिळत नाही.

खोली प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा भिंतीचा रंग बघू नका, बाकी सगळं बघा. कोपऱ्यांत आणि कपाटामागे बुरशीचे काळे डाग किंवा नुकताच लावलेला रंगाचा एकच चौकोन. दोन्ही म्हणजे ओल. फोन हातात धरून खोलीच्या मधोमध उभे राहा, नेटवर्क आहे का बघा. दाराचं कुलूप आतून लागतं का, आणि दुसरी किल्ली कुणाकडे आहे? वीज स्वतंत्र मीटरवर की मालकाच्या अंदाजावर? अंदाजावर असेल तर भांडण ठरलेलं. धूर ओळखणारा भोंगा आहे का, गॅसवरचं पाणी तापवायचं यंत्र असेल तर त्याचा धूर बाहेर जायला नळी आणि खोलीला खेळती हवा आहे का? बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात, आणि त्या वायूला वास नसतो. असा गिझर दिसला तर भाडं निम्मं केलं तरी ती खोली घेऊ नका. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, खिडकीचे गज उघडतात का, हेही तिथंच उभं राहून ठरवायचं. जागा किती पुरते यावर मतं वेगवेगळी असतात. फ्रान्सच्या नियमात राहण्याच्या खोलीसाठी ९ चौरस मीटर आणि २.२० मीटर उंची, किंवा मग २० घनमीटर, हे किमान मानलेलं आहे. ९ चौरस मीटर म्हणजे साधारण ९७ चौरस फूट. पलंग, टेबल आणि कपाट ठेवल्यावर त्यात एकच माणूस नीट फिरू शकतो, हे लक्षात ठेवून ‘दोघांसाठी प्रशस्त’ अशा जाहिराती वाचा.

सगळ्यात उपयोगी माहिती खोली सोडून जाणाऱ्याकडे असते. मालक समोर नसताना त्याला गाठा आणि तीनच गोष्टी विचारा: का सोडताय, दुरुस्तीला किती दिवस लागतात, तुमच्या आधीच्याचं डिपॉझिट परत मिळालं का. मालक त्याला भेटूच देत नसेल तर तेही उत्तरच आहे. एकदा अंधार पडल्यावर त्या गल्लीतून थांब्यापर्यंत चालून या. मुलींनी तर हे केल्याशिवाय सही करूच नये. आणि आईवडिलांना एक सांगणं: रात्री आठला फाटक बंद होणारी जागा म्हणजे सुरक्षित जागा, असं नसतं. प्रयोगशाळेतून साडेआठला सुटणाऱ्या मुलीला अशी जागा उलट रस्त्यावर उभं करते. फाटक किती वाजता बंद होतं यापेक्षा उशिरा आल्यावर ते उघडतं कोण, हे विचारा.

एकटं की चौघांत, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारणारच होतात. पहिल्या वर्षी मी शेअरिंग सुचवतो. खर्च कमी हे कारण आहेच, पण आजारी पडलात तर कुणाला तरी कळतं. फक्त करार कसा आहे ते बघा. सगळ्यांचा मिळून एकच करार असेल तर बहुतेक ठिकाणी जबाबदारीही एकत्र असते: एकजण मध्येच निघून गेला तर त्याचा वाटा उरलेल्यांकडून वसूल होतो. प्रत्येकाचा वेगळा करार असेल तर भाडं थोडं जास्त पडतं, पण शेजारच्या खोलीतल्याचं पाप तुमच्या माथी येत नाही. अनोळखी माणसांबरोबर राहणार असाल तर वेगळाच करार घ्या. इंग्लंडमध्ये आणखी एक मेख आहे. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर त्या घराला कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, लागत नाही. एकजण जरी नोकरी करणारा आला तरी बिल येऊ शकतं. तसंच तिथं वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून राहत असतील तर मालकाला परवाना लागतो. तो आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भांडी कोण घासणार यावर मी काही सांगणार नाही, त्यावर उपाय अजून निघालेला नाही.

करार वाचताना लॉक-इन (ज्या मुदतीआधी खोली सोडता येत नाही ती), नोटिशीचा कालावधी, भाडेवाढ आणि डिपॉझिट परत करण्याची मुदत, या चार कलमांवर बोट ठेवा. बाकीचं वाचा, पण यांच्यावर बोला. डिपॉझिट किती मागता येतं याला अनेक ठिकाणी कायद्यानं मर्यादा घातली आहे आणि मालक ती आपणहून सांगत नाहीत. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं ‘थंड’ भाडं, तेही तीन हप्त्यांत देता येतं. इंग्लंडमध्ये नेहमीच्या घरांना पाच आठवड्यांचं भाडं ही मर्यादा आहे, आणि खोली धरून ठेवण्यासाठी घेतात ती रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून एक महिना. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला’ असं कुणी म्हणालं तर हे त्याला नम्रपणे सांगा. जिथं जाणार तिथला नियम विद्यापीठाच्या निवास कक्षाला विचारला तर एका पत्रात कळतो.

जामीनदार मागितला तर गोंधळू नका. बाहेरच्या विद्यार्थ्यांकडे स्थानिक जामीनदार नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. फ्रान्समध्ये ‘विझाल’ ही मोफत हमी योजना त्यासाठीच आहे. काही विद्यापीठं स्वतः हमी देतात, तेव्हा आधी तिथं विचारा. वर्षाचं भाडं आगाऊ देतो म्हणून जामीनदार टाळणं सोपं वाटतं, पण मग मालकावरचा तुमचा सगळा दाब संपतो. पत्त्याच्या नोंदणीचंही तेव्हाच बघा. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घर देणाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं. ते देणार नाही म्हणणाऱ्याची खोली स्वस्त असली तरी पुढची कामं अडतात. तात्पुरती जागा घेतानाही हा प्रश्न विचारून ठेवा.

पहिल्या आठवड्यात मनासारखी खोली मिळाली नाही तर घाबरून समोर येईल ती घेऊ नका. सत्र सुरू होऊन महिना झाला की चित्र बदलतं. कुणी अभ्यासक्रम सोडतं, कुणाचं रूममेटशी फिसकटतं, वसतिगृहाची प्रतीक्षायादी पुढे सरकते. सप्टेंबरमध्ये तुमच्याशी धड न बोलणारे मालक नोव्हेंबरमध्ये स्वतः फोन करतात. तोवर महिन्या-महिन्याची जागा चालते.

किल्ली हातात आल्यावर सामान आत नेण्याआधी फोटो काढा: प्रत्येक भिंत, गादीच्या दोन्ही बाजू, न्हाणीघराच्या फरशा, आधीपासूनच्या भेगा आणि डाग, आणि विजेच्या मीटरवरचा आकडा. ते सगळे त्याच दिवशी मालकाला ईमेलनं पाठवा. फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, तारीख दोघांकडे असली पाहिजे. सोबत दोनच ओळी लिहा, की खोली या अवस्थेत मिळाली आणि काही वेगळं वाटत असेल तर कळवा. बहुतेक मालक उत्तर देत नाहीत. तरी चालेल.